पलंगाखालचा वजनकाटा

कबड्डीच्या मुलींचा वजनकाटा आमच्या घरी पलंगाखाली असतो. पांढरा आहे, वर काच आणि आत लाल सुई. दर शनिवारी मुली येतात, चपला दारात टाकतात आणि एकेक करून त्यावर उभ्या राहतात. आकडा मी वाचते. घराबाहेर माझा आवाज निघत नाही, भाजीवालीशीसुद्धा मी फार बोलत नाही. तरी हे काम सरांनी माझ्यावर टाकलं. ते कसं ते लिहून ठेवते.

सर म्हणजे आमच्या विक्रोळीतल्या मंडळाच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवतात ते. माझी मुलगी सहावीपासून त्यांच्या हाताखाली खेळते. चढाई तिचीच. सर म्हणाले ऊठ की उठायची, बस की बसायची. माझं ऐकायची नाही एवढं सरांचं ऐकायची.

कुमारी गटाला वजनाची मर्यादा असते. खेळाआधी मुलीला काट्यावर उभं करतात, जास्त भरली तर बाहेर. मागच्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझी मुलगी थोडी जास्त भरली. घाम निघून वजन उतरावं म्हणून सरांनी तिला रेनकोट घालून भर उन्हात मैदानाभोवती पळवलं. पाणीसुद्धा नाही, फक्त चूळ भरायची. मी दिलेला डबा संध्याकाळी तसाच घरी आला. मी विचारलं तर म्हणाली, "सरांनी सांगितलंय, आई. तू मध्ये पडू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनात बसली. लगेच सामना लागला. उत्तरार्धात चढाईला गेली आणि "कबड्डी कबड्डी" म्हणता म्हणता तिचा आवाजच बंद झाला. मध्यरेषेपाशी पडली. मी डबा घेऊन कडेला उभी होते, चपाती आणि भेंडीची भाजी. आयोजक धावत आले, म्हणाले, काय झालं हिला. सर म्हणाले, "काय सांगू साहेब, या पोरी घरून काही खाऊनच येत नाहीत."

मी तिथेच होते, हातात डबा. माझ्या मुलीने डोळे उघडले होते. तिने ते ऐकलं. बाकीच्या मुलींनीही ऐकलं.

सोमवारी एकही मुलगी मैदानावर गेली नाही.

आठवड्याने सर घरी आले. आमच्या ह्यांनी खुर्ची दिली, पण सर उभेच राहिले. मला म्हणाले, "ताई, माझं चुकलं." मी पदर सारखा करत बसले. आतून मुलगी म्हणाली, "चुकलं ते सगळ्यांना माहितीये. पुढच्या स्पर्धेला परत तेच करणार तुम्ही." ह्यांनी तिला गप्प केलं. सर म्हणाले, "बोलू द्या तिला. बरोबर बोलतेय." आणि चहा न घेता गेले.

मला तेव्हा त्यांचा राग होताच. पण मुलगी संध्याकाळी खिडकीत उभी राहून मैदानाकडे बघायची, ते मला त्याहून जास्त लागायचं. खेळाशिवाय ती कोमेजत चालली होती. आणि सर सोडून दुसऱ्या कुणाकडे जायला ती तयार नव्हती.

मग एका रविवारी सरांनी सगळ्यांना मैदानावर बोलावलं. मुली, आया आणि ते आयोजकसुद्धा. सर म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोललो. डबा आला होता. मीच खाऊ दिला नाही." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून काटा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "ताई, हा तुमच्याकडे राहील. वजन तुम्ही करायचं. तुम्ही सांगाल तो आकडा. मी हात लावणार नाही."

मी म्हटलं, मी चौथी शिकलेली. ते म्हणाले, "आकडे वाचता येतात ना? मग झालं."

मुली यायला लागल्या, पण विश्वास कुठे होता. त्यांनी सरांची परीक्षाच घेतली. एकीने सांगितलं, सर, गुडघा दुखतो. सर म्हणाले, बस. दुसऱ्या दिवशी दुसरीचा गुडघा. चौथ्या दिवशी अर्ध्या संघाचे गुडघे दुखत होते. आमच्या दारात मी दोघी मुलींचं बोलणं ऐकलं.

"सरांना कळतंय गं, आपण ढोंग करतोय."

"कळू दे की. ओरडतात का ते बघू."

सर ओरडले नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, "आज कोणाच्या गुडघ्याची पाळी आहे? आधीच सांगा, मी चटई आणतो." त्यावर सगळ्या हसल्या. माझी मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मॅच जवळ आली ना, की कळेल."

मॅच जवळ आली. शनिवारी वजनं घेतली. माझी मुलगी काट्यावर उभी राहिली आणि सुई मर्यादेच्या पुढे गेली, अर्धा किलो. मी पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. तेवढंच. मुली माझ्याकडे बघत होत्या. सर दाराबाहेर उभे होते. मी आकडा सांगितला. माझा आवाज एवढा बारीक होता की त्यांनी परत विचारलं, आणि मला परत सांगावा लागला.

मुलगी म्हणाली, "सर, चार दिवस आहेत. मी उतरवते. रेनकोट घालून पळते." खरंच म्हणत होती की सरांना पारखत होती, ते मला आजही माहीत नाही. तिच्याशिवाय चढाई करणारी दुसरी कोणी नव्हती, हे सरांना माहीत होतं.

सर म्हणाले, "नाही. तू आता महिला गटात खेळायचं, तिथे वजनाची मर्यादा जास्त असते. या स्पर्धेला माझ्याबरोबर बाकावर बस."

"हरू ना, सर."

"हरू."

त्यांनी खिशातला कागद काढला आणि तिचं नाव खोडलं.

दुसऱ्याच फेरीत हरलो. मी डबा घेऊन कडेला उभी होते, या वेळी मेथीचे पराठे होते. मुलगी बाकावर बसून ओरडून ओरडून मैत्रिणींना सांगत होती, मागे ये गं, कोपरा धर. मध्यंतरात तिने डबा उघडला. सर शेजारीच बसले होते, चेहरा पडलेला. तिने एक पराठा मोडला आणि अर्धा त्यांच्यापुढे धरला. म्हणाली, "खा सर, घरून काही खाऊन आला नाहीत वाटतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. पराठा घेतला आणि खाल्ला. मला हसू आलं आणि मी तोंडाला पदर लावला.

आता ती महिला गटात खेळते. परवा एक नवी मुलगी काट्यावर चढायला घाबरत होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं तिने. माझ्या मुलीने तिला खाली उतरवलं आणि म्हणाली, "आधी आईकडून चपाती घे. सरांना असं चालत नाही."