फणसाची शेवटची दांडी

कसबा बावड्यात बापूसो मगदूमांचं लाकूड कातायचं लेथ आहे. भाऊबंद सगळे कापडाच्या दुकानात रमले, हे एकटेच लाकडाच्या नादी लागले. कुंकवाचे करंडे, रव्या, लाटणी, देव्हाऱ्याचे खांब. त्यांनी पटाशी टेकवली की लाकूड आपणहून गोल होतंय असं वाटावं. काय हात दिलाय माणसाला!

त्यांची एक खोड मात्र गावभर ठाऊक. ठोकळा लेथवर चढवण्याआधी ते कानाला लावतात. आत किडा कुरतडत असला तर बारीक कुर्रकुर्र ऐकू येतं. तसं आलं की ठोकळा मागच्या पडवीत, किडा आपल्या पायानं बाहेर पडेपर्यंत. जैन माणूस, जिवंत जीव पटाशीखाली घेणार नाही म्हणजे नाही. येणारे-जाणारे चेष्टा करतात, "बापूसो, कुणाचा फोन हाय?" बापूसो ओठावर बोट ठेवतात आणि ऐकत राहतात.

यंदा लेक रुचिता बाळंतपणाला आली, मुलगी झाली. बापूसोंनी पाळणा करायला घेतला तो फणसाचा. त्यांची बायको त्रिशला, तिचं माहेर शाहूवाडीकडचं. तिथं दारात तिच्या आईनं फणस लावला होता. "रुचीच्या लेकराला ह्याच झाडाचा पाळणा करा, जावईबापू," असं सांगून ती माउली गेली. पुढं झाड वाऱ्यानं पडलं आणि भावानं लाकूड पाठवून दिलं.

बारशाच्या आदल्या दिवशी कठड्याची एकच दांडी राहिली होती. ठोकळाही एकच उरला होता. बापूसोंनी तो कानाला लावला आणि परत खाली ठेवला.

"काय झालं?" त्रिशलानं विचारलं.

"आत हाय कोणतरी."

"आधी ऐकलं न्हवतं व्हय?"

"तवा गप हुता की. दुसरं सागवान हाय, त्येची दांडी करतो."

त्रिशला भडकली. "एका किड्यापायी माझ्या आईचा शबुद मोडणार तुमी?"

बापूसोंना वाईट वाटलं, फार वाटलं. सासूला त्यांनीच शब्द दिला होता. पण ते भांडले नाहीत. त्यांनी ठोकळा तिच्यापुढं धरला. तिनं रागारागानंच कान लावला. मग तिचा राग हळूहळू उतरला, तरी कान काही निघेना.

ती आत गेली आणि आपलं लाटणं घेऊन आली. लग्नाच्या वर्षी त्याच फणसाची कौलांवर आलेली फांदी तोडली होती. तिचंच बापूसोंनी नव्या नवरीला हे लाटून, आपलं, कातून दिलं होतं. संसारभराच्या चपात्या त्याच्यावर झाल्या होत्या.

"हे लावा मशीनला," ती म्हणाली.

बापूसोंनी लाटणं हातात घेतलं. "तुला नवं करून देतो."

"त्या ठोकळ्याचंच करा. मला घाई न्हाय."

बारशाला पाळण्यात तेल मुरलेली एक दांडी वेगळीच चमकत होती. शेजारच्या आक्काताईंनी विचारलंच, "ही येगळी कशी वो?" त्रिशला म्हणाली, "ती माझी हाय." पुऱ्या तिनं स्टीलच्या तांब्यानं लाटल्या होत्या, म्हणून जरा वेड्यावाकड्याच झाल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर बापूसो तिला शोधत पडवीत आले. ती ठोकळ्याला कान लावून बसली होती.

"कुणाचा फोन हाय?" त्यांनी विचारलं.

त्रिशलानं ओठावर बोट ठेवलं.