बहुमत मिळूनही पायउतार झालेले आमचे सर

आल्फ्रेड सरांची आणि माझी पहिली भेट अमिरातीतल्या रास अल खैमात, त्यांच्या घरी झाली. आमचे कॅनडाचे कागद चालू होते, म्हणून बाबा मला तिथे घेऊन गेले. "सर, हिला तिकडचं सगळं जरा समजावून सांगा." सर म्हणाले, "थंडी आपोआप समजते हो. विरोधी पक्ष समजायला वेळ लागतो."

मला फारच वेळ लागला. माझं पहिलं शिक्षण घरातच, आई-बाबांकडे झालं, आणि आमच्या घरी मोठ्यांना उलट बोलणं म्हणजे उद्धटपणा. कॅनडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी घर आणि जादा पगार मिळतो हे ऐकून मी गोंधळून विचारलं, "सर, भांडायला पगार?"

"चांगलं भांडायला," सर म्हणाले.

सर मूळचे वसईचे. इथल्या सिरॅमिकच्या कारखान्यात ऑफिसची नोकरी करून ते निवृत्त झाले आणि कॅनडाला निघालेल्या मराठी कुटुंबांसाठी त्यांनी शनिवारचा वर्ग सुरू केला. फी नाही; सरांच्या पत्नी मोनिका काकूंचा चहा मात्र सक्तीचा. दर वेळी एकाने विरोधी पक्षनेता होऊन सरांचं म्हणणं खोडायचं, हा तिथला नियम. माझी पाळी आली तेव्हा मी खोडलं, आणि घरी जाऊन माफीचा फोन केला. सर म्हणाले, "माफी मागत बसलीस तर पुढच्या शनिवारी विरोध कोण करणार, बाय?"

यंदा सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांना वर्गाचं तहहयात प्रमुख करायचं सगळ्यांनी ठरवलं. सर ऐकेनात. "तिकडे पक्ष निवडणूक हरला की नेत्याला सभासदांपुढे उभं राहावं लागतं. 'मी राहू की जाऊ?' असं विचारावं लागतं. मी तर तुम्हाला एकदाही विचारलं नाही."

गुप्त मतदान झालं. दोन तृतीयांश मतं सरांच्या बाजूने पडली. आम्ही टाळ्या वाजवल्या, केक पुढे केला. सर उठून उभे राहिले.

"तिघांतल्या एकाला मी नको आहे. खलास. तिकडे एका नेत्याने एवढ्या मतांवरही पद सोडलं होतं."

"अहो सर, जिंकलात तुम्ही!" बाबा ओरडले.

"त्यांना सोडू द्या," काकू म्हणाल्या. "मीच लिहिलं 'नको'. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी वर्गासाठी दिवसभर वाचत बसतात."

"बघा," सर हसले, "विरोधी पक्ष घरातच!"

अभिनंदन करावं की समजूत घालावी, मला कळेना. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांचं सरांवरचं प्रेम कमी की जास्त, हेही अजून कळलेलं नाही. वर्ग बंद पडणार या धास्तीने मी रडवेली झाले होते. तेवढ्यात सरांनी तात्पुरती प्रमुख म्हणून माझंच नाव सुचवलं. माझी तेवढी तयारी नव्हती. तरी 'हो' कसं म्हटलं, नीट सांगता येत नाही. आता शनिवारी मी शिकवते, आणि सर समोर बसून माझं म्हणणं खोडतात.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. एक दिवस माझ्यावरही मतदान होईल. तेव्हा सर हजर असावेत, आणि पटलं नाही तर त्यांनी खुशाल 'नको' लिहावं.