पुजलेला जॅक

गाडीत बसण्याआधी मी मागची पेटी उघडून आतलं सामान मोजते, म्हणून घरातली पोरं हसतात. म्हातारीचं खूळ म्हणतात. म्हणू देत. खूळ नाही, राग आहे तो, आणि तो मी जन्मभर जपून ठेवलाय.

आमचे हे सोलापुरात डॉक्टर. खेड्यापाड्यातले रोगी बघायला सोयीची म्हणून ह्यांनी एका मिलच्या साहेबाची जुनी मोटार घेतली. माणसाची नाडी ह्यांना चटकन कळायची, मोटारीची मात्र कधीच कळली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात रस्त्यात टायर बसला, तेव्हा गाडीत ना पाना होता ना पंप. भर दुपारी बाभळीखाली दोन तास मी ह्यांच्याकडं बघत बसले आणि हे रस्त्याकडं. घरी आल्यावर मी सांगून टाकलं, तहान लागल्यावर विहीर खणायची पद्धत आता पुरे.

सुताराकडून पेटी करून घेतली. गाडी उचलायचा, आटे फिरवून वर चढणारा जॅक, चाकाचे नट काढायचा पाना, पंप, जादा ट्यूब, रबराची ठिगळं, सुंभाची दोरी, पाण्याचा डबा, सगळं त्यात बसवलं. साबणाची एक वडीसुद्धा ठेवली, कारण पेट्रोलच्या टाकीला चीर पडली तर साबण दाबून बसवून घर गाठता येतं, असं मला एका जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. लोणच्याची बरणी ठेवावी तितक्या निगुतीनं मी ती पेटी ठेवायची. आणि दिमाखही तेवढाच होता. खोटं कशाला बोलू?

नागपंचमीला धाकटी बहीण आली होती. तिला वळसंगला दिलेली, पहिलटकरीण. आमची आई गेलेली, आणि बाळंतपणाला माझ्याकडं धाडायला तिच्या सासूची तयारी नव्हती. बिचारी भ्यालेली होती. मी तिला मोटारीजवळ नेलं, पेटी उघडून एकेक वस्तू दाखवली आणि म्हटलं, "तू फक्त निरोप धाड. आमची गाडी वाटेत अडायची नाही." तिनं जॅक हातात घेऊन बघितला, केवढा जड गं अक्का, म्हणाली आणि हसली. त्या दिवसापासून तिची भीती गेली, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

मग आली खंडेनवमी. सोलापूरची खंडेनवमी म्हणजे मागावरच्या धोट्यापासून न्हाव्याच्या वस्तऱ्यापर्यंत सगळं लोखंड-लाकूड पाटावर चढतं. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही. आमच्याकडं एरवी विळी, अडकित्ता आणि ह्यांची डॉक्टरी बॅग मांडायचे. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, आता घरात मोटार आहे तर तिचीही हत्यारं पुजायला हवीत. एकुलता एक मुलगा रोज त्या यंत्रावर बसून जातो, याचा त्यांना धसका होता. पेटी रिकामी झाली. जॅक, पाना, पंप, सगळं ओळीनं पाटावर, वर हळदकुंकू आणि झेंडू. मला ते आवडलं नाही, पण एका दिवसाचा प्रश्न आहे म्हणून मी गप्प बसले.

पूजा होऊन तासही झाला नसेल, तोवर वळसंगहून सायकलवर माणूस आला. बहिणीला रात्रीपासून कळा येत होत्या, मूल आडवं आलं होतं आणि सुईणीनं हात टेकले होते. डॉक्टरांना घेऊन लगेच या, नाहीतर दोघांचं कठीण आहे, एवढंच तो सांगत होता.

ह्यांनी पाटावरची बॅग उचलली. सासूबाईंचा चेहरा पडला, पण जिवाचा प्रश्न आहे म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. मी जॅककडं वाकले, तशा त्या पुढं येऊन पाटासमोर उभ्या राहिल्या. एक उचललंत तेवढं पुरे, म्हणाल्या. पुजलेलं हत्यार हलवून गाडी बाहेर काढली तर गाडीच सूड घेईल, मला एकच मुलगा आहे. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "बारा-तेरा मैल तर जायचंय. टायर चांगले आहेत. आईचं मन दुसऱ्यांदा कशाला मोडायचं?"

आईचं मन! तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. तिकडं माझ्या बहिणीचा जीव टांगणीला, आणि ह्यांना मनं मोडायची काळजी. पण मी काय केलं? वाद घालण्यात वेळ जाईल म्हणून गाडीत जाऊन बसले. त्यांना बाजूला सारून तो जॅक उचलायला मला किती वेळ लागला असता? पाणी प्यायला लागतो तेवढाही नाही.

निम्मी वाट गेली आणि मागचं चाक बसलं. बैलाच्या पायातला नालाचा खिळा, बोटाएवढा, आत घुसलेला. गाडीच्या अंगाला स्टेपनी बांधलेली होती, हवा भरलेली, कोरी करकरीत. चाक होतं, पण ते बदलायला काही नव्हतं. ह्यांनी नटांना दगड मारून बघितले, बोटं फोडून घेतली, नट तसूभर हलले नाहीत. मग तशीच गाडी रेटली, तर टायर सोलवटून चाकाला गुंडाळला गेला आणि गाडी जागीच अडली. ह्या खटपटीत तास गेला.

बॅग उचलून आम्ही चालत निघालो. पुढच्या वस्तीवर एक शेतकरी अंगणात बसला होता, गोठ्यात बैल, दारात गाडी. मी हात जोडले, गाडी जुंपा म्हटलं. तो उठून उभा राहिला, पण पाय पुढं टाकीना. "आज जू पुजलंय बाई. उंद्या म्हना, कुटं बी सोडतो," असं म्हणाला आणि मान खाली घातली. पाणी दिलं, गूळ दिला. गूळ! मला त्याचा राग येईना, कारण माझ्याच घरात जे झालं तेच तो करत होता. त्या दिवशी साऱ्या मुलखात माणसाच्या उपयोगाची एकही वस्तू मोकळी नव्हती.

आणखी मैलभर गेल्यावर समोरून एक रिकामा टांगा आला. टांगेवाला सोलापूरचा, पिकलेल्या दाढीचा मुसलमान. आमची अवस्था बघून त्यानं न विचारताच घोडं वळवलं. "बसा बाईसाब, माझं घोडं मोकळं हाय," म्हणाला. वाटभर त्यानं चाबूक खाली ठेवला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मोटारीनं निघून चार तास झाले होते. ह्यांनी बहिणीला वाचवलं, ते मी नाकारत नाही. मूल मात्र गेलेलं होतं. मुलगा होता, भरपूर जावळाचा. तासभर आधी पोटात हालचाल होती, असं सुईण सांगत होती. हे बाहेर येऊन हात धूत राहिले, धूतच राहिले. ह्यांच्याशी मी महिनाभर कामापुरतंच बोलले.

घरी आल्यावर सासूबाई रडल्या. देवाच्या मनात असेल तसं होतं, असंही म्हणाल्या. तेव्हा मात्र माझा तोल गेला. देवाला कशाला मध्ये ओढता, म्हटलं, देव पाटासमोर आडवा उभा नव्हता, तुम्ही होतात. सुनेनं सासूला असं बोलायचा तो काळ नव्हता. पुढच्या वर्षी खंडेनवमीला त्या कुंकवाचा करंडा घेऊन स्वतः मोटारीपाशी गेल्या आणि पेटीच्या बंद झाकणावर एक बोट टेकवून परत आल्या. आतलं काही बाहेर काढू नका, म्हणाल्या. त्यांची ती माफी होती, हे मला कळलं. मी ती घेतली नाही. आजही घेतलेली नाही.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. बहिणीला आम्ही एवढंच सांगितलं होतं की वाटेत चाक बसलं. ती खचलेली, तिला जास्त काय सांगायचं? मूल गेलं त्याच वर्षीच्या दिवाळीत ती माझ्याकडं विश्रांतीला आली. मी अंगणात पेटीतलं सामान लावत होते. ती शेजारी येऊन बसली आणि नागपंचमीला घेतला होता तसा जॅक दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. बोटानं त्याचे आटे चाचपले. मग म्हणाली, "अक्का, ह्याच्या आट्यांत कुंकू कसं गं?"

मी सांगितलं. पाट, झेंडू, सासूबाई, ह्यांचं बोलणं, सगळं सांगितलं. मी कुणाला ढकललं नाही, हेही सांगितलं. मला वाटलं आता ती ओरडेल, तो जॅक माझ्या अंगावर फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं.

ती पदराचं टोक ओलं करून आट्यांतलं कुंकू पुसत बसली. ते काही निघेना.