हाडाशी गुलाबी

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला ग्वेक इमने सिंगापूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये अख्खी कोंबडी उकळत्या पाण्यात सोडली, झाकण ठेवलं आणि गॅस बंद करून टाकला. चीनच्या हैनान बेटावरची तिची आई असंच करायची. मांस लोण्यासारखं मऊ, हाडाशी किंचित गुलाबी. लग्नानंतर मात्र नवरा दर वेळी म्हणायचा, "कच्ची आहे, परत टाक," आणि ती मुकाट्याने परत टाकायची. मग सगळे चिवट मांस चघळत बसायचे.

कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवलेला भात आणि आल्या-मिरचीची चटणी तिने नवऱ्याच्या फोटोपुढे मांडली. कोंबडीचे तुकडे ठेवले, तसा लेक चिन हाव वाकून बघायला लागला.

"आई, अगं कच्ची आहे ही. पप्पांना चालायची नाही."

"रांधलंय मी. चालवून घेतील."

उदबत्ती संपत आली, तशी त्याने रिवाजाप्रमाणे दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला की गेलेल्या माणसाचं जेवण आटोपलं असं समजायचं. दोन्ही छापे पडले. पुन्हा टाकली, पुन्हा छापेच.

"बघ! नको म्हणतायत. टाक परत पातेल्यात."

ग्वेक इम गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली.

"जन्मभर तुमचं ऐकलं," ती फोटोकडे बघून म्हणाली, "आता मेल्यावरही नखरे?"

तिने बोटाने एक नाणं उलटं केलं.

"जेवले. चल, ताटं घे."