मधला रोलर

दरवाजा पहिल्यांदा अडकला तेव्हा आम्ही उल्हासनगरात दवाखान्यासमोर उभे होतो. बाबा व्हॅनच्या मागच्या सीटवर, मी बाहेर रस्त्यावर, आणि आमच्या मध्ये तो पत्र्याचा सरकता दरवाजा. वीतभर उघडला आणि थांबला. मागे रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. मी जोर लावून ओढत होते आणि बाबा आतून सांगत होते, "ओढू नकोस. उचल, आणि मग मागे घे." मी उचलून बघितलं, काही फरक नाही. शेवटी मागचाच एक रिक्षावाला खाली उतरला, "हटो मॅडम" म्हणाला आणि दरवाजाला खालून खांदा लावला. कर्रकन आवाज करत तो मागे गेला.

बाबांनी आयुष्यभर शाळेची व्हॅन चालवली. अंबरनाथ पूर्वेतली कितीतरी मुलं त्यांच्या गाडीतून शाळेत गेली. साखरेमुळे गुडघ्याखालून उजवा पाय काढावा लागला तेव्हा धंदा बंद झाला, पण गाडी ठेवली. तेव्हा ती विकायचं माझ्या मनात होतं. मग बाबांना ड्रेसिंगला नेण्याची वेळ आली आणि कळलं की त्या गाडीसारखी दुसरी सोय नाही. रिक्षात व्हीलचेअर मावत नाही, मोटारीच्या अरुंद दारातून बाबा वळत नाहीत. व्हॅनचा डावीकडचा दरवाजा पूर्ण मागे गेला की भिंतच उघडल्यासारखी जागा होते. बाबा एका पायावर उभे राहायचे, माझ्या खांद्याला धरून गिरकी घ्यायचे आणि थेट सीटवर बसायचे. उजवीकडचा दरवाजा त्यांनी शाळेच्या दिवसांतच आतून पट्टी ठोकून कायमचा बंद केला होता, मुलं रहदारीच्या बाजूला उतरू नयेत म्हणून. म्हणजे आत-बाहेर करायला वाट एकच.

घरी आल्यावर मी टॉर्च लावून बघितलं. दरवाजाच्या मध्यावर एक वाकडा लोखंडी दांडा, म्हणजे कोपर, असतो आणि त्याला छोटं चाक. ते गाडीच्या अंगावरच्या पट्टीतून धावतं. आमच्या चाकाचा निम्मा भाग झिजून गेला होता.

"मधला रोलर," बाबा म्हणाले. "किरकोळ काम आहे. उल्हासनगरात मिळेल."

उल्हासनगरात कुठलाही सुटा भाग मिळतो अशी आमच्याकडे सगळ्यांचीच श्रद्धा आहे. मी शनिवारी कंपनीतून सुटल्यावर तिकडे गेले. पहिल्या दुकानातल्या शेठने झिजलेलं चाक हातात घेऊन उलटसुलट केलं. "दीदी, ये माल तो कब का बंद हो गया. गाडीच बंद झाली ना. ऑनलाइन बघा." दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्या दुकानातला म्हणाला, "दोन वर्षं आधी आला असतात तर ढीग होता, भंगारात दिला." दोन वर्षांपूर्वी आमचं चाक चांगलं होतं.

मग ऑनलाइन. मी रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. मोबाइलवर भाजीपासून चपलांपर्यंत सगळं मागवते. पण गाडीचे भाग मागवणं हे वेगळंच प्रकरण निघालं. गाडीचं वर्ष टाका, मॉडेल टाका, की हिरवी खूण येते: तुमच्या गाडीला बसेल. बाबांनी वर्ष सांगितलं, मी टाकलं, पार्सल आलं. चाक सुंदर, तेल लावलेलं, आणि उजव्या दरवाजाचं. दुसऱ्यांदा मी डाव्याचं आहे ना, हे तीन-तीनदा वाचून मागवलं. ते डाव्याचंच आलं, पण त्याचा कोपर आमच्यापेक्षा आखूड. तेव्हा बाबांनी आर. सी. बुक मागून घेतलं, चष्मा लावला आणि वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मी वर्ष चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "ते पहिल्या गाडीचं होतं. ही दुसरी."

परत न्यायला आलेल्या माणसाने डबा उघडला, मोबाइलवरच्या फोटोशी ताडून बघितलं. "मॅडम, फोटोत चाक काळं आहे, हे करडं आहे. घेता येणार नाही."

"पण तुमच्याकडूनच आलंय ना?"

"ते मला माहीत नाही, मॅडम. ॲपमध्ये कंप्लेंट टाका."

ॲपमध्ये तक्रार टाकली की एक गोड उत्तर येई, आपली गैरसोय समजू शकतो म्हणून, आणि खाली चार पर्याय. त्या चारांतला एकही माझा नसे. तिसऱ्यांदा मागवलेलं पार्सल कुठल्यातरी गोदामात जाऊन बसलं आणि 'लवकरच निघेल' एवढंच दाखवत राहिलं.

दर ड्रेसिंगला दरवाजा नवी खोड काढायचा. कधी उघडे, पण बंद होत नसे. मग मी तो दोरीने सीटला बांधून गाडी चालवायची. वाटेत बाबा एका हाताने दोरी धरून बसत. आरशात मला त्यांची ती मूठ दिसायची.

ग्रुपचा शोध असाच लागला. मी रोलरचा फोटो टाकून शोधत असताना कुणीतरी लिहिलेलं सापडलं, की या व्हॅनच्या शौकिनांचा मोबाइलवर ग्रुप आहे, तिथे विचारा. मला वाटलं, टपोरी पोरांचं काहीतरी असेल. पण तिथे निघाले बँकेतले, फरसाणवाले, एक निवृत्त मास्तर, बदलापूरचं एक जोडपं ज्यांनी व्हॅनमध्ये पलंग आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती. बंद झालेल्या एका गाडीवर ही माणसं जीव टाकत होती. गोल दिव्याची चांगली की चौकोनी, यावर त्यांची दिवसभर जुंपायची. कुणाला जुन्या चाकाची मूळ टोपी मिळाली तर बारसं असल्यासारखी अभिनंदनं व्हायची. मी आमच्या गाडीचा फोटो टाकला, शाळेचा पिवळा पट्टा, दारावर अर्धवट पुसलेलं 'सावकाश', आणि खाली विचारलं, मधला रोलर कुणाकडे आहे का?

रोलरबद्दल कुणीच बोललं नाही. उत्तरं आली ती अशी: "ताई, पट्टा काढू नका हां." "ओरिजिनल पत्रा आहे का? काय ठेवलीय!" "काकांना सलाम सांगा."

बाबांना मी हे वाचून दाखवलं. पाय गेल्यापासून ते टीव्हीसमोर बसून असायचे, टीव्ही बंद असला तरी. त्या दिवशी त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि बटण दाबून बोलायला लागले. "नमस्कार. चढावर गाडी तापत असेल तर आधी पंख्याची वायर बघा, लगेच इंजिन उघडायला घेऊ नका." एवढंच. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना डझनभर प्रश्न आले. मग रोजच सुरू झालं. सकाळी चहा घेतला की बाबा ग्रुपवर. काही सल्ले चुकायचे, कुणी तसं सांगितलं की म्हणायचे, "असेल बाबा, माझ्या वेळी असं नव्हतं." मीसुद्धा जेवणाच्या सुट्टीत ते सगळं वाचायला लागले. रस्त्यात एखादी व्हॅन दिसली तर माझी नजर आधी दिव्यांकडे जायची. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी हसायच्या. मला खरंच मजा येत होती, हे लिहायला हवं.

मे महिन्यात ग्रुपने बारवी धरणाच्या रस्त्यावर भेटायचं ठरवलं. रविवारी सकाळी सगळ्यांनी गाड्या घेऊन यायचं, चहा, वडापाव, गप्पा. बाबांनी आदल्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट काढला.

"दरवाजाचं काय?" मी विचारलं.

"दोरी आहे ना," ते म्हणाले.

बदलापूर ओलांडून आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याकडेला व्हॅनची रांग लागली होती. निळ्या, पांढऱ्या, एक तर पोपटी हिरवी. वाडीवरच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या आणि त्याही गाड्यांकडे बघत होत्या. आमचा पिवळा पट्टा दिसताच सगळे टाळ्या वाजवत आले. बाबांनी खिडकीतून हात केला. मी दोरी सोडली, दरवाजा उचलला, ओढला. तो बोटभर सरकला आणि गच्च बसला. मागेही नाही, पुढेही नाही.

लोकांना वाटलं बाबा मुद्दाम आत बसलेत. ते फोटो काढत राहिले. "काका, इकडे बघा!" बाबा बघत होते, हसतही होते. मग त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं आणि फटीतून हळूच म्हणाले, "मला लघवीला जायचंय गं."

मी पोपटी गाडीवाल्याला सांगितलं. क्षणात सगळे कामाला लागले. एकाने तेलाचा फवारा आणला, एकाने पट्टीत पेचकस घातला. तिसरा म्हणाला, "जोर लावू नका, पत्रा वाकेल. ओरिजिनल आहे."

"पत्रा गेला खड्ड्यात!" मी ओरडले. "तोडा दरवाजा!"

आतून बाबांचा आवाज आला, "पत्र्याला कुणी हात लावायचा नाही."

पुढच्या सीटवरून एक पाय नसलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस कसा येणार? मागचं दार उघडलं तर तिथे गॅसची टाकी. आठ-दहा जण, प्रत्येकाला गाडीचा खिळा न् खिळा ठाऊक, आणि दरवाजा उघडत नव्हता. मी काचेला हात लावून उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघणं सोडलं. ते समोर, रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटकडे बघायला लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता घाई करण्यात अर्थ नाही.

शेवटी त्यांना मागूनच काढलं. चादरीची झोळी केली, चौघांनी टाकीवरून अलगद उचललं. फोटो काढणाऱ्यांनी मोबाइल खिशात घातले. करवंदवाल्या बायकाही दुसरीकडे बघू लागल्या. पलंगवाल्या जोडप्यातली बाई पुढे आली. "काका, आमच्या गाडीत चला. पडदे आहेत, पाणी आहे." तिने माझ्या हातात स्वच्छ लुंगी दिली आणि दार ओढून घेतलं. आत मी बाबांना पुसलं, लुंगी नेसवली. ते लहान आवाजात म्हणाले, "शर्ट वाचला."

बाहेर आलो तोवर पोपटी गाडीवाल्याने स्वतःसाठी जपून ठेवलेला मधला रोलर काढला होता. रिकाम्या गाडीत शिरून त्याने आतून बोल्ट सोडवले, दरवाजा उतरवला आणि ठोकाठोक करून रोलर बसवला. मग एका बोटाने दरवाजा ढकलला. तो लोण्यातून गेल्यासारखा मागे गेला. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला विलक्षण आनंद व्हायला हवा होता. बाबा झाडाखाली व्हीलचेअरवर, अनोळखी माणसाच्या लुंगीत बसून धरणाच्या बाजूला बघत होते.

 घरी उतरताना दरवाजा सहज उघडला. नेहमीसारखी त्यांनी गिरकी घेतली, खुर्चीत बसले.

पुढच्या ड्रेसिंगला मी तयार झाले तर बाबा म्हणाले, "नर्सला घरी बोलाव. येतात हल्ली."

"बाबा, दरवाजा आता नव्यासारखा आहे."

"दरवाजा चांगलाच आहे," ते म्हणाले. "माझा भरवसा नाही."

मी समजावलं, चिडले, एकदा रडलेसुद्धा. पोपटी गाडीवाल्याला फोन करून त्यांच्याशी बोलायला लावलं. त्याच्याशी ते छान बोलले, त्याच्या गाडीची चौकशी केली, आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "नर्सला सकाळची वेळ सांग." नर्स यायला लागली. ग्रुपवरही ते काही दिवस गप्प होते. मग कुणीतरी गिअरबद्दल विचारलं आणि दुसऱ्याने साफ चुकीचं उत्तर दिलं, ते ऐकून त्यांना राहवलं नाही. पुन्हा रोजचं सुरू झालं. ग्रुपमध्ये त्या सकाळचा उल्लेख आजपर्यंत कुणी केलेला नाही.

गोदामात अडकलेलं पार्सलही पावसाळ्यात एकदाचं आलं. मी उघडलं: डावीकडचा, योग्य कोपराचा, अगदी बरोबर मधला रोलर. तो हातात घेऊन मी किती वेळ हसत होते, मलाच कळेना. मांजर्लीतल्या एका सभासदाची व्हॅन पुराच्या पाण्यात उभी राहून तिचा रोलर गंजला होता. बाबा म्हणाले, "त्याला देऊन टाक." मी देऊन आले.

आता ग्रुप भेटतो तेव्हा बाबा मला पाठवतात. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, हे त्यांचं कारण. मी जाते, चहा पिते, कुणाच्या नव्या दिव्यांचं कौतुक करते. मला तिथे बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून वाईटही वाटतं. मागच्या रविवारी मी परत आले तेव्हा बाबा गॅलरीत बसले होते.

"दुसऱ्या गिअरला घरघरतेय ती," ते म्हणाले.

"मला नाही जाणवलं. चला ना, एक चक्कर मारू. तुम्हीच ऐका आत बसून."

"इथून ऐकू येतं," बाबा म्हणाले.

मी चावी खिळ्याला अडकवली आणि कुकर लावायला आत गेले.