वरच्या पाड्याचा रकाना

त्या वर्षी माझ्याकडे दोन ग्रामपंचायती होत्या. एक माझी स्वतःची आणि दुसरी अतिरिक्त, म्हणजे जिथला ग्रामसेवक बदलून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही ती. ही दुसरी बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत, डोंगराला टेकून. गाव म्हणजे तीन पाडे: खालचा रस्त्यालगत, मधला अर्ध्या डोंगरात आणि वरचा पार माथ्याजवळ.

आम्ही राहायला बोईसरला. माहेर सांगलीकडचं, पण नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात लागली आणि पंचवीस वर्षं इथेच गेली. त्याची पाळी आठवड्याला बदलायची, माझी झोप तिच्याबरोबर बदलायची. सकाळी दोघांचे डबे करायचे, सहा आसनी रिक्षात दाटीवाटीनं बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढे चालायचं. वय एक्कावन्न. डाव्या टाचेचं हाड वाढलेलं. डॉक्टर म्हणाले होते, चालणं कमी करा. मी नुसतं बरं म्हटलं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मोबाइलवर कार्यालयाच्या ग्रुपमध्ये एक तक्ता आला. गावातली पर्यटनस्थळं आणि मोकळ्यावरचे खेळ, पाड्यानुसार भरून तीन दिवसांत पाठवा. धबधबा, किल्ला, लेणी, देवस्थान, गिर्यारोहण, तंबूत मुक्काम, नौकाविहार, पक्षीनिरीक्षण. शेवटचा रकाना ‘इतर विशेष’. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन पाहिल्याची सही करायची होती.

ग्रामपंचायतीच्या शिपायाला मी तक्ता वाचून दाखवला. तो माझ्याच वयाचा, खालच्या पाड्यातला, बोलायला कमी.

“नौकाविहार म्हणजे काय, मॅडम?”

“होडीत बसून फिरायचं.”

“पावसात बांधावरून पाणी जातं तवा पोरं केळीच्या खोडावर बसत्यात. पण ते लिवू नका, मागच्या साली एक पडला.”

पहिल्या दिवशी खालचा पाडा केला. तिथे ओढ्यावर एक धबधबा आहे, पावसाळ्यात रस्त्यावरून दिसतो. मी गेले तेव्हा करंगळीएवढी धार होती, तरी लिहिला. दुसऱ्या दिवशी मधला पाडा. त्याच्यावर एका सोंडेवर पडक्या गडाची जोती आहेत आणि खडकात खोदलेली पाण्याची दोन टाकी. बाजूला शेंदूर लावलेला वाघोबा. किल्ला, देवस्थान, गिर्यारोहण, तीन रकाने भरले. उतरताना टाच अशी ठणकत होती की मी पाय तिरका टाकत आले. घरी मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले आणि तशीच खुर्चीत झोपले. नवऱ्यानं उठवलं, तेव्हा भाजी करपून गेली होती.

तिसऱ्या दिवशी शिपायाला सोबत घेऊन वरचा पाडा. मधल्या पाड्याच्या पुढे तासाभराची चढण, वाट म्हणजे पावसानं केलेला ओहोळ. ऊन नोव्हेंबरचं, पण अंगाला लागणारं. अर्ध्या वाटेत एका आंब्याखाली मी बसले. बाटलीतलं पाणी संपलं होतं. वर पाहिलं तर नुसता सुकत चाललेल्या गवताचा उतार, त्याला अंत दिसत नव्हता.

“अजून किती?”

“अर्धा तास. तुमच्या पायानं पाऊण.”

“वर आहे काय दादा बघण्यासारखं?”

“काय हाय?” तो म्हणाला. “कातळ हाय, गवत हाय, माणसं हायत.”

तो हे कंटाळून म्हणाला नव्हता, हे मला आता कळतं. विचारलं त्याचं त्यानं उत्तर दिलं. पण मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. पिशवीतून तक्त्याची छापील प्रत काढली, गुडघ्यावर वही ठेवून वरच्या पाड्यासमोर सगळ्या रकान्यांत रेघा ओढल्या आणि ‘इतर विशेष’मध्ये लिहिलं, ‘विशेष काही नाही’. खाली सही केली. शिपाई बघत होता. त्यानं विचारलं, “परत जायचं?” मी म्हटलं, “जाऊ या.” मला एवढंच आठवतं, की ते शब्द उच्चारल्याबरोबर अंगातला सगळा ताण सैल पडला आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोळगावला जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन कागद दिला, पोच घेतली आणि विसरून गेले.

पुढचं वर्षभर ते गाव माझ्याकडेच राहिलं, कारण नवा माणूस आलाच नाही. त्या तक्त्यावरून कामं मंजूर झाली आणि पावसाळ्याआधी उरकलीही. धबधब्यापाशी कठडा आणि बसायला कट्टे. मधल्या पाड्यापासून गडाच्या सोंडेपर्यंत दगडी पायऱ्या, एक पत्र्याची शेड, सौरदिवे, रस्त्यावर मोठा फलक. पावसाळ्यात शनिवार-रविवारी बोईसरची, विरारची पोरं मोटारसायकलींवरून यायला लागली. मधल्या पाड्याच्या बायका शेडमध्ये चहा, काकड्या, नाचणीची भाकरी आणि चटणी विकायला बसू लागल्या. दरवर्षी भात कापून झालं की त्या पाड्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर जायची. त्या वर्षी सहा-सात घरांनी जायचं नाही असं ठरवलं.

वरच्या पाड्याला काहीच नव्हतं. एक पायरीसुद्धा नाही.

दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. वरच्या पाड्यातली, पन्नाशीची, बारीक, डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळलेला. ती सभेला नेहमी यायची, पण मागे बसायची.

“बाई,” ती मला म्हणाली, “आमच्या पाड्याला का नाय दिला?”

मी म्हणाले, “यादी वरून आली, ताई.”

“यादीचा कागद मी वाचून घेतला. आमच्या नावापुढं लिवलंय, विशेष काही नाही. ते वरून आलं?”

सभेत माणसं होती चाळीसेक. शिपाई दाराशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. मला हो म्हणता आलं असतं. कार्यालयावर ढकललेली गोष्ट कुणी तपासायला जात नाही.

“मी लिहिलं,” मी म्हटलं.

“तुमी आलाच नव्हता.”

“नाही आले. पाय दुखत होता. आंब्यापासून परत फिरले.”

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “आमाला सांगावा होता, बाई येनार. आमी करांद्याचे कंद उकडून ठेवलेले. अंगणं सारवली. दिवस मावळेपर्यंत वाट बघितली.” आणि खाली बसली.

पुढचा विषय पाणीपट्टीचा होता. मी वाचून दाखवला. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

त्या रविवारी मी गेले. नवरा म्हणाला, “सुट्टीच्या दिवशी? पायाचं काय?” मी टाचेला पट्टी बांधली आणि निघाले. शिपायाला बोलावलं नाही. मधल्या पाड्यापाशी तीच ताई उभी होती, तिला मी आदल्या दिवशी निरोप धाडला होता. ती पुढे आणि मी मागे. दर दहा-पंधरा पावलांनी ती थांबायची, पण मागे वळून बघायची नाही, मला लाजवायचं नाही म्हणून. दीड तास लागला.

वर पोचले तेव्हा माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. तिनं पाणी दिलं, अंगणात गोधडी टाकली आणि म्हणाली, “पडा.” मी खरंच पडले. अनोळखी माणसाच्या दारात, भर दुपारी, अर्धा तास झोपले. उठले तेव्हा तिनं माझ्या पायांवर सावली यावी म्हणून खाट उभी करून ठेवली होती.

मग तिनं सगळं दाखवलं. पाड्याच्या पश्चिमेला मोठा कातळ आहे, घराच्या ओसरीसारखा सपाट. त्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली सगळं दिसतं: रेल्वेचा रूळ, उमरोळीकडची झाडी, बोईसरची धुराडी, त्यापलीकडे तारापूरच्या अणुभट्ट्यांचे घुमट आणि सगळ्यात मागे समुद्राची पांढरी रेघ. मी पंचवीस वर्षं ज्या धुरात राहिले तो वरून पातळ राखेसारखा दिसत होता. मी आमची इमारत शोधली, सापडली नाही.

कातळाखाली एक कपार आहे. पावसात गुराखी तिथे थांबतात, भिंतीला धुराची काजळी. तिथून पुढे एक गवताचा उतार, गवत वाळून गुळगुळीत झालेलं.

“हितं आमी घसरतो,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

तिनं शिंदीची एक वाळलेली झावळी उचलली, तिच्यावर बसली, देठ दोन्ही हातांनी धरला आणि गेली. सरळ खाली, शंभरेक पावलं, लुगड्याचा काष्टा सावरत, मोठ्यानं ओरडत. खाली एका झुडपात थांबली आणि तिथून हसत राहिली. वर यायला तिला बराच वेळ लागला.

“तुमी बसा.”

“नको गं ताई.”

“काय होत नाय. गवत हाय खाली.”

मी बसले नाही. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर परत वर चढून यायची ताकद नव्हती. ती आणखी एकदा गेली. मी कातळावर बसून तिच्याकडे बघत राहिले. मला रडू आलं नाही, पण रडल्यानंतर जसा शीण येतो तसा आला.

सोमवारी मी पुरवणी पत्र लिहिलं. आधीची माहिती प्रत्यक्ष पाहणी न करता भरली होती, हेही त्यात लिहिलं. कोळगावला टेबलापलीकडच्या कारकुनानं ते वाक्य वाचून माझ्याकडे पाहिलं. “हे काढा मॅडम, तुमच्याच अंगाशी येईल.” मी म्हटलं, “राहू द्या.” त्यानं शिक्का मारला. या वर्षीची यादी झाली होती, पुढच्या वर्षी बघू, असं तो म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. महिन्याभरानं मला लेखी समज मिळाली. ती मी कपाटात ठेवली.

पत्र दिलं त्याच आठवड्यात संध्याकाळी फाट्यावर रिक्षाची वाट बघत होते, तर भट्टीवर जाणारा ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी आणि माणसं. ताई मागच्या फळीला धरून बसली होती.

“बाई, कागद दिला?”

“दिला.”

“मंग कवा व्हईल?”

“पुढच्या वर्षी म्हणतात.”

तिनं मान हलवली. “पाऊस लागायच्या आधी आमी येतो,” असं म्हणाली आणि ट्रक सुटला.

वरच्या पाड्याची वाट मंजूर झाली ती दोन वर्षांनी. तोवर माझी बदली मुरब्याकडच्या गावात झाली होती. तिकडे सगळं सपाट आहे, टाचेला बरं. शिपायाचा फोन आला होता. पायऱ्या कातळापर्यंत गेल्या म्हणाला, पण कठडा निम्माच झाला. माणसं येतात, फार नाही. ताई भट्टीवर गेली का, मी विचारलं. तो म्हणाला, या वर्षी ती आणि धाकटी सून राहिल्या, बाकीचे गेले.