हेडफोन अप्पांना, स्पीकर आईंना

आज सकाळी घरात शांतता आणायला गेले आणि सासूबाईंना, आईंना, एकटं पाडलं.

माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, कमी ऐकू येतं. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते रोज नाश्त्यानंतर कॉम्प्युटरवर नाट्यगीतं लावतात, इतक्या मोठ्यानं की माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्येही ती ऐकू जातात. म्हणून आज मी त्यांना हेडफोन लावून दिले. पिन खोचली तसे स्पीकर बंद झाले. मला हायसं वाटलं.

थोड्या वेळानं आई मेथीची जुडी घेऊन नेहमीसारख्या अप्पांशेजारी बसल्या. अप्पा डोळे मिटून टेबलावर ताल धरत होते. आईंनी चार काड्या निवडल्या आणि मला म्हणाल्या, "एक्कावन्न वर्षांत आज पहिल्यांदाच हे मला न घेता गाण्याला गेले."

त्या हसल्या खऱ्या, पण मेथी उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

दुपारी मी दुकानातून दोन तोंडांची पिन आणली. कॉम्प्युटरच्या मागे लावून एका तोंडात हेडफोन जोडले, दुसऱ्यात स्पीकर. स्पीकरचं बटण फिरवून आवाज बारीक केला. आता अप्पांना हवं तेवढं मोठं ऐकू येतं आणि आईंना पुरेल तेवढं हळू.

आत्ता संध्याकाळी अप्पा कानावर हेडफोन ठेवून ओरडले, "अगं, ही तान ऐकलीस का?"

"ओरडू नका, शेजारीच बसलेय," आई म्हणाल्या.

तुमच्या घरातही असा एखादा आवाज आहे का, जो तुम्हाला नुसता त्रास वाटतो आणि दुसऱ्या कुणाला सोबत?